शोक, भावबधिरता आणि तारुण्य : पंडिता रमाबाईंच्या पूर्वायुष्याचा एक अभ्यास (१८७४ ते १९०७)

गोषवारा

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात १८७४ ते १८८२ हा कालखंड प्रामुख्याने भ्रमंतीचा, विद्वत्तेच्या गौरवाचा आणि पारंपरिक श्रद्धा ढळण्याचा काळ म्हणून मांडला जातो. याच आठ वर्षांत त्यांनी वडील, आई, बहीण, भाऊ आणि पती अशी पाच माणसे गमावली व हे सर्व वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वी घडले, याकडे स्वतंत्र विषय म्हणून क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात या कालखंडाचा विचार तरुण वयातील शोक आणि त्यातून येणारी भावबधिरता या अंगाने केला आहे. दुष्काळाने माणसांबरोबरच शोक करण्याची सामाजिक व्यवस्थाही हिरावून घेतली. त्यामुळे रमाबाईंचा शोक दीर्घकाळ गोठलेला राहिला आणि तशाच अनुभवातून आलेल्या मुलींच्या सहवासात त्याला वाचा फुटली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : शोक, भावबधिरता, दुष्काळ, पंडिता रमाबाई, शोकविधी, मुक्तिसदन.

प्रस्तावना

मृत्यूचा इतिहास बहुधा आकड्यांत लिहिला जातो. दुष्काळात किती माणसे दगावली, साथीत किती गावे ओस पडली, याच्या नोंदी दप्तरांत सापडतात. मागे राहिलेल्यांच्या मनाचे काय झाले, याची नोंद मात्र दप्तर ठेवत नाही. त्यातही जो रडला, ज्याने आक्रोश केला, त्याचा उल्लेख एखादे वेळी कीर्तनात, ओवीत वा आठवणीत येतो. ज्याला रडूच आले नाही तो इतिहासातून पूर्णपणे निसटतो. मराठी बोलीत अशा माणसाविषयी ‘तो दगड झाला’ किंवा ‘त्याच्या डोळ्यांतले पाणी आटले’ असे म्हटले जाते. हा दगड होण्याचा अनुभव तरुण वयात आला तर माणूस पुढे कसा जगतो, हा प्रश्न साहित्याचा आणि मानसशास्त्राचा आहे, तसाच तो इतिहासाचाही आहे. रमाबाईंचे आयुष्य या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरते, कारण त्यांनी आपल्या तारुण्यातील मृत्यूंविषयी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे आणि हे लेखन केव्हा झाले, हेही आपणास ठाऊक आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, रमाबाईंच्या तरुणपणातील मृत्यूंचा क्रम आणि त्या वेळची परिस्थिती यांचा शोकाच्या दृष्टीने विचार करणे. दुसरे, भावबधिरतेच्या काळात त्यांना कशाचा आधार मिळाला याचा शोध घेणे. तिसरे, हा शोक शब्दांत केव्हा व कोणत्या परिस्थितीत प्रकट झाला हे पाहणे. त्यासाठी रमाबाईंचे १८९७ चे दुष्काळविषयक निवेदन, १९०७ चे आत्मकथन आणि चरित्रपर वाङ्मय यांतील सुपरिचित तपशिलांचा वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने उपयोग केला आहे.

भावबधिरता : संकल्पना

शोकातील जडता ही आधुनिक कल्पना नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात जडतेची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केली असून करुण रसाच्या विवेचनातही तिला स्थान दिले आहे. स्तंभ, म्हणजे शरीर जागच्या जागी थिजणे, हा आठ सात्त्विक भावांपैकी एक मानला आहे. शोक म्हणजे केवळ अश्रू नव्हेत, ही जाणीव या परंपरेला होती.

आधुनिक मानसशास्त्रात हेलेन डॉइच यांनी १९३७ मध्ये शोकाच्या अभावाविषयी लिहिले. वरवर दिसणारी शांतता म्हणजे शोक संपल्याची खूण नसते, तो पुढे अन्य रूपाने प्रकटतो, असे त्यांचे म्हणणे होते. बोस्टन येथील एका नाइट क्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी लागलेल्या आगीनंतर एरिक लिंडमन यांनी वाचलेल्या व आप्त गमावलेल्या व्यक्तींचा अभ्यास करून १९४४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. जॉन बोल्बी आणि कॉलिन मरी पार्क्स यांनी शोकाच्या अवस्था सांगताना बधिरतेला पहिली अवस्था मानले. १९९९ मध्ये श्ट्रोबे आणि शूट यांनी वेगळी मांडणी केली. शोकग्रस्त माणूस कधी दुःखाला सामोरा जातो, तर कधी त्याकडे पाठ फिरवून रोजच्या व्यवहारात गुंततो आणि या दोहोंमधील ये-जा हीच सावरण्याची रीत असते, असे त्यांनी दाखवले. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत दीर्घकालीन शोकविकाराचा समावेश झाला असून भावनिक बधिरता हे त्याचे एक लक्षण मानले आहे.

एकोणिसाव्या शतकातील व्यक्तीवर आजच्या निदानाचा शिक्का मारणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. या संकल्पनांचा उपयोग साधनांना नवे प्रश्न विचारण्यापुरताच येथे केला आहे.

दुष्काळ आणि शोकविधींचा लोप

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे पंडित. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवल्यामुळे त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता. पुढे रमाबाईंना संस्कृत शिकवले ते प्रामुख्याने लक्ष्मीबाईंनी. आई हीच गुरू असल्याने तिच्या मृत्यूने मातृछत्राबरोबर विद्यादात्रीही हरपली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पुराणकथन हे कुटुंबाच्या निर्वाहाचे साधन होते. एका तीर्थक्षेत्राहून दुसऱ्या तीर्थक्षेत्री असा त्यांचा प्रवास चाले. मद्रास इलाख्यातील महादुष्काळाची वर्षे सरकारी इतिहासात १८७६ ते १८७८ अशी दिली जातात. डोंगरे कुटुंबावरील आपत्तीचा आरंभ मात्र चरित्रग्रंथांत बहुधा १८७४ पासून धरला जातो. हाती असलेला पैसा देवांच्या आराधनेत व दानधर्मात खर्च झाला, दागदागिने आणि भांडीकुंडी विकली गेली. अखेर मरणाच्या इराद्याने हे कुटुंब अरण्यात शिरले आणि पाणी, पाने व रानखजूर यांवर त्यांनी अकरा दिवस काढले, असे रमाबाईंनी नमूद केले आहे. वृद्ध अनंतशास्त्रींनी जलसमाधीचा विचार केला होता. मुलगा श्रीनिवास याने मोलमजुरीची तयारी दाखवल्यावर तो मागे पडला. त्यानंतर अल्पावधीतच प्रथम वडील, मग आई आणि काही महिन्यांनी थोरली बहीण यांचा मृत्यू झाला.

लक्ष्मीबाईंच्या शेवटच्या दिवसांतील दोन प्रसंग रमाबाईंनी सांगितले आहेत. आईसाठी शेजारच्या घरी भाकरी मागण्यास गेल्या असता त्यांच्या तोंडून शब्द फुटणे कठीण झाले. भाकरी मिळाली, पण ती खाण्याची शक्ती आईत उरली नव्हती. दुसरा प्रसंग अंत्ययात्रेचा. खांदेकरी पुरेसे मिळेनात. उंची कमी असल्यामुळे रमाबाईंना आपल्या वाट्याचा भार खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. आईच्या देहाचा भार मुलीने डोक्यावर वाहून नेणे ही घटना त्यांनी थोडक्यात, जवळजवळ विशेषणांवाचून सांगितली आहे. हा कोरडेपणा लेखनशैलीचा भाग असू शकतो. तथापि त्या क्षणी मनाने भावनेला वाव दिला नव्हता, शरीर तेवढे पुढचे काम करीत होते, अशीही त्याची संगती लावता येते.

येथे एका सामाजिक बाबीचा विचार आवश्यक आहे. महाराष्ट्रीय समाजात मृत्यूनंतरच्या दिवसांना एक चौकट असते. घरात चूल पेटत नाही, सोयरे व शेजारी कडू घास घेऊन येतात, सुतकाचे दिवस मोजले जातात, दहाव्याला पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते, तेराव्याला गोडाचा घास देऊन माणसाला पुन्हा व्यवहारात आणले जाते. जो रडत नाही त्याला जवळची माणसे मुद्दाम बोलते करतात. ‘रडू द्या, मोकळे होऊ द्या’ असे म्हणतात. धार्मिक अर्थ बाजूला ठेवला तरी या चौकटीमुळे शोकाला आरंभ, मर्यादा आणि साक्षीदार मिळतात. मात्र ही चौकट उभी राहण्यासाठी घर लागते, धान्य लागते, गोतावळा लागतो. दुष्काळात फिरस्त्या कुटुंबाजवळ यांपैकी काहीच उरले नव्हते. जेथे चूल आधीच विझलेली होती, तेथे ती न पेटवण्याला अर्थ कोठून येणार? एका मृत्यूचे दुःख पुरते करण्याआधी दुसरा मृत्यू दाराशी येत होता. रमाबाईंच्या भावबधिरतेचे मूळ त्यांच्या स्वभावापेक्षा या तुटलेल्या चौकटीत अधिक शोधावे लागते.

भावंडांची पायपीट

आईवडील व बहीण यांच्यानंतर श्रीनिवास आणि रमाबाई ही दोघेच उरली. दक्षिणेकडून उत्तरेस काश्मीरपर्यंत आणि तेथून पूर्वेकडे असा प्रवास करीत १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. या प्रवासातील झेलमकाठचा प्रसंग प्रसिद्ध आहे. थंडीच्या दिवसांत अंगावर पुरेसे पांघरूण नसल्याने नदीकाठी थडग्यासारखे दोन खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर कोरडी वाळू ओढून ही भावंडे रात्र काढीत. चरित्रकारांनी हा प्रसंग दारिद्र्याचे उदाहरण म्हणून दिला आहे, आणि तो तसा आहेच. परंतु ज्यांनी नुकतेच तीन मृत्यू पाहिले, त्या दोन तरुण जिवांनी शेजारी शेजारी खणलेल्या खड्ड्यांत निजावे आणि सकाळी उठून पुन्हा चालू लागावे, यात त्यांच्या मनःस्थितीचेही चित्र आहे. ती पुरती जिवंतांत नव्हती आणि मृतांतही नव्हती.

या काळात त्यांना तीन गोष्टींनी तारले असे दिसते. पहिली म्हणजे चालणे. रोजचा मुक्काम गाठणे हे शरीरापुढील निश्चित उद्दिष्ट होते. दुसरी म्हणजे पाठांतर. पुराणांतील सहस्रावधी श्लोक मुखोद्गत असल्याने मन रिते असतानाही जिव्हेला काम होते. स्वतःचे दुःख बोलता येत नसताना पुराणातील दुःख श्रोत्यांपुढे सांगता येत होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे भावाची सोबत. जे घडले ते दोघांनी मिळून पाहिले होते, म्हणून एकमेकांना ते समजावून सांगण्याची गरज नव्हती. शोकाच्या अवस्थेत न बोलता जवळ असणाऱ्या माणसाचे मोल किती असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

याच प्रवासात पारंपरिक कर्मकांडावरील त्यांचा विश्वास ओसरला. आईवडिलांनी सर्वस्व वेचूनही दैवतांनी काहीच उत्तर दिले नाही, ही जाणीव त्यांनी पुढे स्पष्टपणे मांडली आहे. धर्मसुधारणेच्या इतिहासात या घटनेकडे बौद्धिक परिवर्तन म्हणून पाहिले जाते. शोकाच्या अंगाने पाहता, ज्या भाषेत दुःख सांगायचे तीच भाषा पोकळ ठरल्याचा हा अनुभव होता.

गौरव आणि पुन्हा आघात

कलकत्त्यात विसाव्या वर्षी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरवण्यात आले. नगरातील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली, सभांतून त्यांची व्याख्याने झाली. या कौतुकात त्यांच्या प्रज्ञेचा विचार झाला. सभेपुढे उभी असलेली तरुणी दुष्काळातील अनाथ आहे, ही गोष्ट तिच्या अद्भुततेत भर घालणारा तपशील एवढीच राहिली. शांतपणे, अस्खलित संस्कृत बोलणारी व्यक्ती आतून गोठलेली असू शकते, हे ध्यानात येणे श्रोत्यांना सोपे नव्हते.

मे १८८० मध्ये ढाक्यास श्रीनिवासचे निधन झाले आणि त्या साऱ्या अनुभवाचा एकमेव साक्षीदार गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमाचा जन्म झाला आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी कॉलऱ्याने बिपिनबिहारींचा मृत्यू झाला. रमाबाई त्या वेळी तेवीस वर्षांच्या होत्या.

त्यानंतरच्या महिन्यांतील त्यांची कार्यशीलता थक्क करणारी आहे. १८८२ मध्येच त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रीसुधारणेच्या इतिहासात या घटनांचे स्थान वादातीत आहे. तथापि वैधव्य येऊन वर्षही झालेले नसताना झालेला हा कामाचा झपाटा शोकाला दूर ठेवण्याचाही एक मार्ग असावा. श्ट्रोबे आणि शूट यांच्या मांडणीच्या भाषेत सांगायचे तर व्यवहाराकडील कल येथे प्रबळ होता. दुःखाकडे वळण्यास अवकाश नव्हता.

सर्वांनाच हा मार्ग साधत नाही. १८८३ मध्ये रमाबाईंसोबत इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे असताना आपले जीवन संपवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या दोन घटनांमधील कार्यकारणसंबंध सिद्ध करणे येथे अभिप्रेत नाही. परक्या भूमीत, आप्तांवाचून, आणखी एक तरुण मृत्यू रमाबाईंनी जवळून पाहिला, एवढे मात्र निश्चित.

शोकाला वाचा : १८८७ ते १८९७

रमाबाईंचा शोक लेखनात सावकाश उतरला. १८८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झालेले उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आईच्या स्मृतीस अर्पण केलेले आहे. त्या पुस्तकात रमाबाईंची जीवनकथा येते ती प्रस्तावनेत, रेचल बॉडली यांच्या लेखणीतून. आपली कहाणी दुसऱ्याने सांगावी आणि आपण अर्पणपत्रिकेत आईचे नाव लिहावे, इथवर ही वाटचाल झाली होती.

दुष्काळाच्या अनुभवांचे सविस्तर निवेदन आले ते १८९७ मध्ये. त्याचे निमित्त महत्त्वाचे आहे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच रमाबाईंना आपले किशोरवय आठवले आणि त्या तिकडे गेल्या. तेथून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना आणले. त्यांच्या निवासाची व्यवस्था पुढे पुण्याजवळील केडगाव येथे झाली आणि तेथेच मुक्तिसदन आकारास आले. गुजरातेतील १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. या मदतकार्याच्या निवेदनातच रमाबाईंनी स्वतःच्या कुटुंबाची उपासमार सांगितली. म्हणजेच, दोन दशकांहून अधिक काळ थोडक्यात आटोपलेली कथा तशाच मुली समोर उभ्या राहिल्यावर विस्ताराने आली. ज्यांना ती समजावून सांगावी लागणार नव्हती, असे साक्षीदार श्रीनिवासनंतर त्यांना प्रथमच मोठ्या संख्येने भेटले होते.

केडगावची व्यवस्थाही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. शेती, विणकाम, छपाई, गोपालन अशी कामे, नियमित जेवण, शिक्षण, सामुदायिक गायन आणि एका वयाच्या मुलींचा सहवास यांनी तेथील दिवस बांधलेला असे. दुष्काळात मोडलेली चौकट येथे वेगळ्या रूपाने उभी करण्यात आली. त्यामागे ख्रिस्ती धर्मप्रेरणा होती आणि धर्मांतराच्या प्रश्नावरून त्या काळी तीव्र टीकाही झाली, हे विसरता येत नाही.

१९०५ मध्ये मुक्तिसदनात जे धार्मिक जागरण झाले, त्याच्या वृत्तांतांत मुलींनी एकत्र, मोठ्याने प्रार्थना केल्याचे व रडल्याचे उल्लेख आहेत. धर्मेतिहासाचे अभ्यासक या घटनेचा संबंध जागतिक पेंटेकोस्टल चळवळीशी जोडतात. त्या मुलींच्या श्रद्धेचे मोल कमी न लेखता एक प्रश्न विचारता येईल. त्यांच्यापैकी अनेकजणी १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून आल्या होत्या; पाच ते आठ वर्षांनंतर सुरक्षित जागी, आपल्यासारख्याच मुलींच्या मेळ्यात फुटलेल्या या रडण्यात आईवडिलांसाठी राहून गेलेले रडणेही मिसळले नसेल काय? दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, रमाबाईंचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि त्यात आईवडिलांचे मृत्यू पुन्हा सांगितले गेले.

मर्यादा

या मांडणीला मर्यादा आहेत. १८९७ आणि १९०७ ची निवेदने प्रामुख्याने ख्रिस्ती वाचकवर्ग डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. पूर्वीच्या धर्मातील निराशा अधोरेखित करणे हा त्यांच्या रचनेचाच भाग आहे. त्या काळी स्त्रीने स्वतःच्या भावनांविषयी उघड लिहिण्यावर संकेतांची बंधने होती, म्हणून प्रत्येक मौनाला बधिरता मानणे चुकीचे ठरेल. मृत्यू, स्थलांतर, कार्यारंभ आणि निवेदन यांचा कालक्रम मात्र बाह्य पुराव्यांनी जुळवता येतो आणि येथील अनुमान मुख्यतः त्या क्रमावर उभे आहे.

निष्कर्ष

१. दुष्काळासारख्या आपत्तीत माणसे मरतात त्याबरोबर शोकाची सामाजिक चौकटही मोडते. मागे राहिलेल्या तरुणांची भावबधिरता या दुहेरी हानीतून उद्भवते.

२. भावबधिरतेच्या काळात रमाबाईंना उपदेशापेक्षा चालणे, पाठांतर, काम आणि समदुःखी भावाची सोबत यांचा आधार मिळाला.

३. बाह्य यश वा वाक्चातुर्य ही शोक ओसरल्याची खूण नव्हे. १८७८ चा गौरव आणि १८८२ ची कार्यशीलता यांच्याआडही शोक तसाच राहिला असण्याची शक्यता आहे.

४. शोकाची वाचा वर्षे लोटल्याने आपोआप फुटत नाही. ज्याला तो अनुभव ठाऊक आहे असा श्रोता भेटणे ही तिची महत्त्वाची अट दिसते.

समारोप

कोविडच्या २०२०-२१ मधील साथीत शोकाची चौकट पुन्हा एकदा मोडली. अंत्यदर्शन नाही, खांदा नाही, दारावर येणारे कोणी नाही, अशा स्थितीत असंख्य मुलांनी आईवडील गमावले. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये आर्थिक साहाय्याच्या शासकीय योजना सुरू झाल्या आणि त्या आवश्यकच होत्या. त्या वेळी शाळेत असलेली अनेक मुले त्यानंतर महाविद्यालयांत आली आहेत. त्यांतील काही वर्गात वेळेवर येतात, गृहपाठ पूर्ण करतात, विचारले असता ‘ठीक आहे’ म्हणतात. शिक्षकांच्या नजरेत ती सावरलेली असतात. कलकत्त्याच्या सभेत बसलेल्या विद्वानांनाही समोरची विसाव्या वर्षीची पंडिता अशीच सावरलेली वाटली असावी. त्यांनी तिला संस्कृतातील प्रश्न विचारले आणि तिने त्यांची उत्तरे दिली. आईविषयी तिला कोणी विचारले होते काय, याची नोंद सभेच्या वृत्तांतात असण्याचे कारण नव्हते. शिक्षकाच्या कामात मात्र त्या प्रश्नाला जागा असावयास हवी.